पाकळीला लेस किती लागेल?

गणपतीच्या आराशीसाठी पुठ्ठा कापून झाला. आता कडेनं सोनेरी लेस लावायची, म्हणजे आधी ती आणायची. दुकानदाराचा पहिलाच प्रश्न ठरलेला, "किती मीटर देऊ?" चौकोनी पाट असता तर चार बाजू मोजून, बेरीज करून तुम्ही चटकन उत्तर दिलं असतं. पण समोर आहे वर्तुळाचा तुकडा. पाकळी म्हणा, कमान म्हणा, कोपऱ्यात बसवायची पाव गोलाची फळी म्हणा. काळजी करू नका. पेन्सिल घ्या आणि इथे शेजारी बसा. एक पाकळी मी तुमच्याबरोबर अगदी सावकाश करते. ती जमली की बाकीचे आकार भराभर होतील.

आधी पाचच शब्द ओळखीचे करून घ्या. केंद्र म्हणजे गोलाचा मधला बिंदू. त्रिज्या म्हणजे केंद्रापासून कडेपर्यंतचं सरळ अंतर. कंस म्हणजे गोल कडेचा तुकडा. जीवा म्हणजे कंसाची दोन टोकं जोडणारी सरळ रेघ. आणि परिमिती म्हणजे तुकड्याच्या कडेकडेनं मारलेली एक पूर्ण फेरी, जिथून निघालात तिथेच परत. फेरी पूर्ण झाली नाही तर ती परिमिती नाही. आज एवढं एकच मनात घट्ट धरून ठेवा.

टेबलावर काढून ठेवा: ३० सेंमीची पट्टी, कोनमापक, गुण्या, कंपास, टोक केलेली पेन्सिल, एक टाचणी, कात्री, जाडसर कागद, पुठ्ठ्याची २५ सेंमी लांब आणि बोटभर रुंद पट्टी, न ताणणारा सुती दोरा, आणि आकडेमोडीसाठी कोरा कागद. कॅल्क्युलेटर हवा तर घ्या, पण पहिल्या पाकळीला तो लागणार नाही.

पहिली पाकळी कापू

१. जाड कागदाच्या खालच्या कडेजवळ एक टिंब द्या. हे केंद्र. टिंब बारीक हवं, जाड ठिपक्यात खरा मध्य हरवतो.

२. पुठ्ठ्याच्या पट्टीला बरोबर २१ सेंमी अंतरावर दोन बारीक भोकं पाडा. अंतर भोकाच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजा. कंपास एवढा उघडत नाही म्हणून ही युक्ती. दोऱ्यानं काढायचा मोह टाळा, दोरा हातात कधी सैल कधी घट्ट होतो आणि गोल एकसारखा येत नाही.

३. एका भोकातून टाचणी घालून केंद्रावर रोवा. खाली जुनी वही ठेवा, नाहीतर टाचणी टेबलावर घसरेल.

४. दुसऱ्या भोकात पेन्सिल धरून गोल रेघ ओढा. पूर्ण वर्तुळ नको, कागदावर मावेल तेवढा कंस पुरे. पेन्सिल उभी धरा, कलली की रेघ आत-बाहेर जाते.

५. केंद्रापासून कंसापर्यंत एक सरळ रेघ काढा.

६. कोनमापकाचा मध्यबिंदू केंद्रावर ठेवा. इथे थांबून नीट बघा. बऱ्याच कोनमापकांत शून्याची रेघ खालच्या कडेच्या थोडी वर असते. कड नाही, ती रेघ जुळवायची.

७. ६० अंशांवर खूण करा. कोनमापकावर आकड्यांच्या दोन रांगा असतात. तुमच्या रेघेवर ज्या रांगेचा शून्य आहे, तीच रांग वाचा. चुकीची रांग वाचलीत तर ६० ऐवजी १२० अंशांची पाकळी होईल आणि ती डोळ्यांना लगेच दिसेल.

८. केंद्रापासून त्या खुणेवरून कंसापर्यंत दुसरी सरळ रेघ काढा.

९. पाकळी कापा. आधी दोन्ही सरळ रेघा, मग गोल कड. गोल कापताना कात्री जागेवर ठेवा आणि कागद फिरवा.

छान! ही झाली वर्तुळपाकळी. शाळेच्या भूमितीतही तिला हाच शब्द आहे.

आता फेरी मोजू

१०. पाकळीच्या टोकाशी तर्जनी ठेवा.

११. कडेकडेनं बोट फिरवत परत टोकाशी या. फिरताना तोंडानं म्हणा: सरळ, गोल, सरळ. ही पायरी पोरकट वाटली तरी गाळू नका. परिमितीत होणाऱ्या बहुतेक चुका इथेच पकडल्या जातात, कारण लोक गोल कड मोजतात आणि दोन सरळ कडा विसरतात.

१२. कागदावर रिकाम्या जागा लिहा: सरळ ___ + गोल ___ + सरळ ___. बोट जेवढ्या वेळा वळलं तेवढ्याच जागा हव्यात, एकही कमी नाही.

१३. पहिली सरळ कड मोजा. २१ सेंमी यायला हवी. बऱ्याचदा पट्टीचा शून्य पट्टीच्या अगदी टोकाला नसतो, किंचित आत असतो. तिथून मोजा.

१४. दुसरी सरळ कड मोजा. तीही २१ हवी. एक-दोन मिलिमीटरचा फरक असेल तर चालवून घ्या. त्याहून जास्त असेल तर टोक केंद्रावरून सरकलंय, पाकळी पुन्हा कापा. वाकडी पाकळी सुधारत बसण्यापेक्षा नवी लवकर होते.

१५. टोकाशी असलेला कोन पुन्हा मोजा. कापताना एखादा अंश इकडेतिकडे होतो. आपला ६० आहे असं धरून पुढे जाऊ.

१६. ३६० ला ६० नं भागा. उत्तर ६. म्हणजे अशा सहा पाकळ्या जोडल्या की पूर्ण गोल होतो.

१७. पायची (π) किंमत ठरवा. त्रिज्येला ७ नं भाग जात असेल तर २२/७ घ्या, आकडेमोड सोपी होते. जात नसेल तर ३.१४ घ्या. एकाच हिशेबात दोन्ही मिसळू नका. आपली त्रिज्या २१, म्हणून २२/७.

१८. पूर्ण गोलाचा परीघ, म्हणजे सगळ्या गोल कडेची लांबी, काढा: २ × २२/७ × २१. आधी २१ ला ७ नं भागा, ३ आले. मग २ × २२ × ३ = १३२ सेंमी. २ विसरलात तर ६६ येईल आणि पुढचं सगळंच निम्मं होईल.

१९. १३२ ला ६ नं भागा. २२ सेंमी. ही तुमची गोल कड.

२०. रिकाम्या जागा भरा: सरळ २१ + गोल २२ + सरळ २१.

२१. बेरीज करा. ६४.

२२. पुढे "सेंमी" लिहा. दुकानात मीटर बोलतात, पट्टीवर सेंटीमीटर असतात आणि शिंप्याच्या टेपवर इंचही असतात. नुसता आकडा चिठ्ठीवर नेलात तर घोटाळा ठरलेला.

२३. ताळा करा. दोऱ्याचं टोक गोल कडेच्या एका कोपऱ्यावर दाबून दोरा कडेवर बसवत न्या, दुसऱ्या कोपऱ्याशी चिमटीत धरा आणि पट्टीवर मोजा. २२ च्या आसपास आला पाहिजे. दोरा कडेवर नुसता टेकवा, ओढू नका.

तुम्ही म्हणाल, दोऱ्यानं एवढं चटकन होतंय तर आकडेमोड कशाला? कारण दोरा फक्त कापलेला तुकडा मोजतो. आरास अजून मनात असते, पुठ्ठा आणायचाय, लेस आणायचीय, तेव्हा मोजायला समोर काहीच नसतं. तेव्हा आकडेमोडच कामाला येते. दोरा ताळ्यासाठी ठेवा.

कोन अवघड असेल तर

३६० ला ६० नं भागून सहज ६ आले. पण पाकळी ८० अंशांची असली की भागाकार साडेचार येतो, ७० ची असली की अपूर्णांक संपतच नाही. अशा वेळी १६ आणि १९ या पायऱ्यांऐवजी असं करा. समजा त्रिज्या १८ सेंमी आणि कोन ८० अंश.

२४. परीघ काढा: २ × ३.१४ × १८ = ११३.०४ सेंमी. १८ ला ७ नं भाग जात नाही, म्हणून ३.१४.

२५. परिघाला कोनानं गुणा: ११३.०४ × ८० = ९०४३.२. मोठा आकडा बघून दचकू नका.

२६. त्याला ३६० नं भागा: २५.१२ सेंमी. आधी गुणाकार, मग भागाकार. उलट केलंत तर मधल्या अपूर्णांकात दशांश गळतात.

२७. दोन त्रिज्या मिळवा: २५.१२ + १८ + १८ = ६१.१२ सेंमी.

शाळेतल्या मुलांनी वहीत हेच एका ओळीत लिहावं: कंसाची लांबी = (कोन ÷ ३६०) × २ × पाय × त्रिज्या. आणि प्रश्न दोनदा वाचावा. "कंसाची लांबी काढा" म्हटलं असेल तर इथेच थांबायचं. "परिमिती काढा" म्हटलं असेल तर सरळ कडा मिळवल्याशिवाय पेन खाली ठेवायचं नाही. पायची किंमत प्रश्नात दिली असेल तर तीच वापरायची, त्रिज्या काहीही असो.

अर्धगोल

गणपतीच्या मागे उभी करायची अर्धगोल पाटी घ्या. त्रिज्या ३५ सेंमी.

२८. खालच्या डाव्या कोपऱ्यापासून बोट फिरवा. गोल, सरळ. इथे दोनच जागा आहेत, कारण दोन त्रिज्या एका रेषेत येऊन व्यास झालाय.

२९. पूर्ण परीघ काढा: २ × २२/७ × ३५ = २२० सेंमी.

३०. निम्मा करा: ११०.

३१. व्यास मिळवा: ११० + ७० = १८० सेंमी. इथे ३५ मिळवायचे नाहीत, ७० मिळवायचे. आणि ११० वर थांबायचं तर मुळीच नाही. अर्धगोलाची परिमिती म्हणजे परिघाच्या निम्मी, ही चूक अगदी नेहमीची आहे.

आता कामाची गोष्ट. पाटीची खालची कड चौरंगावर टेकणार असेल तर तिथे लेस दिसणारच नाही. मग लेस घ्या ११० सेंमीची. परिमिती १८० च आहे, ती बदलत नाही. तुम्ही फक्त ठरवलंत की खालच्या बाजूला लेस नको. आधी पूर्ण फेरी काढायची आणि मग जी कड नको ती वजा करायची. हा क्रम पाळलात की गोंधळ होत नाही.

कमान: माझा सगळ्यात आवडता आकार

मखराची शोभा कमानीत असते. तोच ३५ चा अर्धगोल घ्या आणि त्याच केंद्रावरून २८ सेंमीचा अर्धगोल आतून कापून काढा. उरते ७ सेंमी रुंदीची कमान. तिला आतून-बाहेरून लेस लावली की मूर्ती काय खुलून दिसते! पण हिशेब चुकतो तो इथेच, म्हणून सावकाश या.

३२. बाहेरच्या कडेवर खाली डावीकडे बोट ठेवा.

३३. फिरवा आणि म्हणा: मोठा गोल, छोटी सरळ, आतला गोल, छोटी सरळ. चार जागा लिहा.

३४. बाहेरचा कंस काढा: २ × २२/७ × ३५ = २२०, निम्मे ११० सेंमी.

३५. आतला कंस काढा: २ × २२/७ × २८ = १७६, निम्मे ८८ सेंमी. दोन्हींना एकच त्रिज्या वापरू नका. आतला कंस नेहमी छोटा असतो.

३६. पायाची रुंदी काढा: ३५ − २८ = ७ सेंमी.

३७. चारही जागा भरा: ११० + ७ + ८८ + ७.

३८. बेरीज करा: २१२ सेंमी. तुम्ही खाली ७० मिळवले असतील तर परत बोट फिरवा. मधली जागा आता रिकामी आहे, तिथून बोट जातच नाही.

कमानीला लेस निवडताना एक सांगते. आतल्या कडेला रुंद, कडक गोटा वळत नाही, त्याला चुण्या पडतात. तिथे बोटाच्या निम्म्या रुंदीची मऊ लेस घ्या. बाहेरच्या कडेला रुंद चालते. म्हणून दोन कंसांचे आकडे चिठ्ठीवर वेगळे लिहा, बेरीज करून एकच आकडा नेऊ नका.

पाव गोलाची फळी

कोपऱ्यात समई ठेवायला पाव गोलाची फळी, त्रिज्या २८ सेंमी. ही लगेच होईल.

३९. फळीच्या कोपऱ्यात गुण्या लावून बघा. कोन काटकोन, म्हणजे ९० अंश हवा. नसेल तर ही फळी पाव गोल नाही, मग २४ ते २७ या पायऱ्यांनी जा.

४०. परीघ काढा: २ × २२/७ × २८ = १७६.

४१. ४ नं भागा: ४४.

४२. दोन सरळ कडा मिळवा: ४४ + २८ + २८ = १०० सेंमी. बरोबर एक मीटर! भिंतीला चिकटणाऱ्या दोन कडांना लेस नको, म्हणून आणायची फक्त ४४.

पाव काढून उरलेला तुकडा

१४ सेंमी त्रिज्येच्या गोल पुठ्ठ्यातून पाव भाग कापून घेतला आणि उरलेला मोठा तुकडा वाया घालवायचा नाही, असं ठरवलंत. शाबास. त्याचीही फेरी मोजू.

४३. कापून काढलेल्या खाचेचा कोन मोजा: ९० अंश. साधा कोनमापक १८० च्या पुढे जात नाही, म्हणून मोठा कोन थेट मोजायला जाऊ नका.

४४. ३६० मधून वजा करा: २७० अंश. हा तुमच्या तुकड्याचा कोन.

४५. परीघ काढा: २ × २२/७ × १४ = ८८.

४६. २७० नं गुणून ३६० नं भागा: ६६ सेंमी.

४७. दोन त्रिज्या मिळवा: ६६ + १४ + १४ = ९४ सेंमी.

आता मागे बघा. पूर्ण गोलाची फेरी ८८ होती. त्यातला पाव भाग गेला, तरी फेरी वाढून ९४ झाली! आकडा खोडू नका, तो बरोबर आहे. २२ सेंमीची गोल कड गेली आणि तिच्या जागी १४-१४ च्या दोन सरळ कडा आल्या. पुठ्ठा कमी झाला म्हणून लेसही कमी लागेल असं मनाशी धरून दुकानात गेलात तर सहा सेंटीमीटरहून जास्त कमी पडणार.

केंद्रच नसेल तर

हा प्रकार थोडा मोठा आहे, म्हणून चहा पिऊन बसा. तुकड्याला टोक नाही, खाली एक सरळ कड आणि वर गोल, पण अर्धगोलापेक्षा चपटा. याला वर्तुळखंड म्हणतात. दारावर लावायची चपटी कमान अशीच असते. केंद्र तुकड्याच्या बाहेर कुठेतरी असतं, म्हणून त्रिज्या मोजता येत नाही. ती आपण काढू. समजा सरळ कड ८० सेंमी आणि मधली उंची २० सेंमी.

४८. सरळ कड मोजा: ८०. हीच जीवा.

४९. तिच्या बरोबर मध्यावर, ४० वर, खूण करा.

५०. तिथून वर गोल कडेपर्यंत उंची मोजा: २०. गुण्या लावून काटकोनात मोजा. पट्टी तिरकी झाली की उंची चुकते आणि मग त्रिज्या बरीच चुकते.

५१. जीवेला जीवेनं गुणा: ८० × ८० = ६४००.

५२. उंचीला ८ नं गुणा: २० × ८ = १६०.

५३. पहिल्याला दुसऱ्यानं भागा: ६४०० ÷ १६० = ४०.

५४. उंचीची निम्मी मिळवा: ४० + १० = ५० सेंमी. सापडली त्रिज्या! इथे उंची पूर्ण मिळवू नका, निम्मीच.

५५. कागदावर पाचपट लहान चित्र काढा. ८० ची जीवा १६ सेंमीची रेघ होईल.

५६. कंपासमध्ये १० सेंमी अंतर घ्या. ५० चा पाचवा भाग. चित्रातली प्रत्येक लांबी पाचानं भागलेलीच हवी.

५७. रेघेच्या डाव्या टोकावर कंपास टेकवून रेघेच्या खाली कंस काढा.

५८. कंपासचं अंतर न बदलता उजव्या टोकावरून दुसरा कंस काढा. दोन्ही जिथे छेदतात ते केंद्र.

५९. केंद्रापासून रेघेची दोन्ही टोकं जोडा.

६०. केंद्राशी झालेला कोन मोजा. साधारण १०६ अंश येईल. चित्र लहान केलं तरी कोन तोच राहतो, म्हणून त्याला पाचानं गुणू नका.

६१. खऱ्या त्रिज्येनं परीघ काढा: २ × ३.१४ × ५० = ३१४ सेंमी. इथे चित्रातले १० घ्यायचे नाहीत.

६२. १०६ नं गुणून ३६० नं भागा: ३३२८४ ÷ ३६० = ९२.४६, म्हणजे साडेब्याण्णव सेंमी.

६३. जीवा मिळवा: ९२.५ + ८० = १७२.५ सेंमी. इथे दोन त्रिज्या मिळवू नका. बोट फिरवून बघा, या तुकड्यावर गोल आणि सरळ एवढंच आहे, त्रिज्या कडेवर येतच नाहीत.

कोन मोजताना एक अंश चुकला तर या कमानीत पाऊण सेंटीमीटरहून थोडा जास्त फरक पडतो. म्हणून पेन्सिलीला टोक करूनच चित्र काढा. कंस जीवेपेक्षा लहान आला तर मात्र कुठेतरी मोठी चूक आहे. वळणाची वाट सरळ वाटेपेक्षा लांबच असते.

केंद्र बाहेर असेल तेव्हाच, म्हणजे उंची जीवेच्या निम्म्याहून कमी असेल तेव्हाच, कंस रेघेच्या खाली काढायचे. उंची बरोबर निम्मी भरली तर तो सरळ अर्धगोल आहे. मग एवढा खटाटोप नको, २८ व्या पायरीवर जा.

झटपट ताळा

हे चार आकडे पुठ्ठ्यावर लिहून कंपासपेटीत ठेवा. त्रिज्येला या आकड्यानं गुणलं की संपूर्ण परिमिती मिळते. ६० अंशांची पाकळी: ३.०५. पाव गोल: ३.५७. अर्धगोल: ५.१४. पाऊण गोल: ६.७१. आपली पहिली पाकळी तपासू: २१ × ३.०५ = ६४.०५. आपल्याला ६४ आले होते. पाच मिलिमीटरपर्यंतचा फरक आकडे तोडल्यामुळे येतो, तो सोडून द्या. पाच सेंटीमीटरचा आला तर एखादी कड राहिली किंवा दोनदा धरली गेली. परत टोकाशी बोट ठेवा.

दुकानात जाण्याआधी

६४. प्रत्येक कोपऱ्यासाठी १ सेंमी वाढवा. कोपऱ्यावर लेस दुमडावी लागते. पाकळीला तीन कोपरे, म्हणून ३.

६५. जोडासाठी २ सेंमी वाढवा. सुरुवात आणि शेवट एकमेकांवर यायला हवेत. पाकळीचे झाले ६४ + ३ + २ = ६९ सेंमी.

६६. पाकळ्यांच्या संख्येनं गुणा. सहा पाकळ्यांचं फूल असेल तर ६९ × ६ = ४१४ सेंमी. कोपरे आणि जोड मिळवूनच गुणा. नुसत्या ६४ ला गुणून शेवटी एकदाच ५ मिळवलेत तर पाच पाकळ्यांचे जोड उघडे राहतील.

६७. १०० नं भागून मीटर करा: ४.१४.

६८. वरच्या अर्ध्या मीटरपर्यंत न्या: साडेचार मीटर. ४.१४ चे ४ करू नका. लेसमध्ये आकडा नेहमी वरच जातो, खाली कधीच नाही. उरलेली लेस मखराच्या पायाला लागते.

६९. चिठ्ठीवर आकडा, "मीटर" हा शब्द आणि लेसची रुंदी लिहा.

७०. घरी आल्यावर लेस न कापता, न चिकटवता एकदा कडेकडेनं कोरडीच फिरवून बघा. टोकाशी टोक भेटलं की मगच फेविकॉलची बाटली उघडा.